लॅपटॉप २.५ गीगाहर्ट्झचा, सर्व्हर २.४ चा: मग फरक पडतो तरी कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्याकडे २०११ सालचा लॅपटॉप आहे, त्यात इंटेलचा कोअर आय५-२५२०एम प्रोसेसर. विभागात नवा सर्व्हर आलाय, त्यात एएमडीचा एपिक ९६५४. मंडळनिहाय पावसाच्या नोंदी तपासणारा तुमचा पायथन प्रोग्रॅम लॅपटॉपवर ४० मिनिटं घेतो आणि सर्व्हरवर १७. लॅपटॉपला २ कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग), सर्व्हरला ९६, म्हणजे ४८ पट. या हिशेबाने काम मिनिटाभरात उरकायला हवं होतं. उलट वेगाच्या आकड्यावर जायचं तर लॅपटॉप २.५ गीगाहर्ट्झचा आणि सर्व्हर २.४ चा, म्हणजे सर्व्हर किंचित मागेच पडायला हवा. दोन्ही अंदाज चुकले ते का, असं तुम्ही विचारलंय.

सर्व्हरमध्ये बिघाड नाही आणि तुमची मोजणीही बरोबर आहे. वीसेक वर्षं सर्व्हर सांभाळण्यात गेली, त्या अनुभवावरून सांगतो की १७ मिनिटं हा आकडा अगदी अपेक्षित आहे. तुमचा प्रोग्रॅम ९६ पैकी एकच कोअर वापरतोय, बाकीचे ९५ रिकामे बसलेत. एपिकच्या त्या एका कोअरची तुमच्या लॅपटॉपच्या एका कोअरशी गाठ घातली की सव्वादोन ते अडीच पट फरक निघतो. ४० भागिले १७ म्हणजे २.३५. आता हा २.३५ कुठून आला आणि ४८ कुठे गेला, ते बघू.

आधी गीगाहर्ट्झ, म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचे सेकंदाला किती अब्ज ठोके. खोक्यावर छापलेला २.५ किंवा २.४ हा तळाचा वेग असतो: सगळे कोअर कामाला लागलेले असताना, ठरलेल्या वॉटेजमध्ये कंपनी ज्याची हमी देते तो. एकच कोअर राबत असेल तर दोन्ही प्रोसेसर त्याच्या वर चढतात. तुमचा आय५ ३.२ गीगाहर्ट्झपर्यंत जातो, एपिक ३.७ पर्यंत. म्हणजे तुमच्या कामापुरती खरी तुलना ३.२ विरुद्ध ३.७ अशी आहे, १.१६ पट. २.३५ मधून हे वजा केलं, म्हणजे २.३५ ला १.१६ ने भागलं, की जवळपास २ उरतात. हा दुपटीचा फरक घड्याळाच्या ठोक्यांचा नाही, एका ठोक्यात किती काम उरकतं त्याचा आहे.

इथे एक शंका मनात ठेवा. तुमचा लॅपटॉप ३.२ वर टिकतो का? इतक्या जुन्या मशीनमध्ये पंख्याच्या जाळीत धुळीचा गालिचा साचलेला असतो आणि प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडखडीत झालेली असते. तापमान चढलं की प्रोसेसर स्वतःहून वेग उतरवतो. पंखा साफ करून नवी पेस्ट लावली आणि ४० मिनिटांची ३४ झाली, असं घडलं तर मला नवल वाटणार नाही. कुठल्याही तुलनेच्या आधी हे करून घ्या, खर्च फार येत नाही.

आता एका ठोक्यात दुप्पट काम कसं होतं ते. हा भाग मला सगळ्यात आवडतो, म्हणून जरा थांबतो.

तुमचा आय५ इंटेलच्या सँडी ब्रिज घराण्यातला, २०११ च्या सुरुवातीचा, ३२ नॅनोमीटरचा. आपल्या काळात फार उत्तम रचना होती ती. आजही हा लॅपटॉप वापरण्याजोगा आहे याचं श्रेय तिलाच. एपिक ९६५४ नोव्हेंबर २०२२ चा, झेन ४ रचनेचा, त्याचे कोअर ५ नॅनोमीटरवर बनलेत. दोघंही सूचना लिहिलेल्या क्रमाने चालवत नाहीत. पुढच्या सूचनांचा मोठा गठ्ठा डोळ्यांसमोर ठेवतात आणि जिची सामग्री हाताशी आली ती आधी उरकतात. सँडी ब्रिजच्या समोर असा १६८ सूचनांचा गठ्ठा मावतो, झेन ४ समोर ३२० चा. मेमरीतून एखादा आकडा यायला उशीर झाला तर १६८ वाला लवकर अडतो, ३२० वाला तेवढ्या वेळात पुढची बरीच कामं मारून नेतो. एका ठोक्यात सँडी ब्रिज ४ सूक्ष्म सूचना पुढे ढकलू शकतो, झेन ४ ढकलतो ६. उलगडून ठेवलेल्या सूचना साठवणारी जागा तिकडे दीड हजारांची, इकडे पावणेसात हजारांची. आणि ‘जर-तर’ आलं की पुढची वाट कुठली याचा अंदाज झेन ४ फार कमी वेळा चुकतो. पायथनसारख्या भाषेत, जिथे दर पावलाला फाटे फुटतात, या अंदाजाला फार मोल आहे.

गंमत म्हणजे सगळंच वाढलेलं नाही. कोअरला चिकटून असलेली पहिल्या पातळीची डेटा कॅश (आकडे हाताशी ठेवणारी छोटी, वेगवान मेमरी) दोघांकडे ३२ किलोबाइटचीच आहे. अकरा वर्षं, ट्रान्झिस्टर अनेक पट, आणि ही तेवढीच! कारण असं की मेमरीचं पान (ऑपरेटिंग सिस्टिम ज्या मापाने मेमरी वाटते तो तुकडा) ४ किलोबाइटचं असतं आणि ही कॅश आठ कप्प्यांची. आठ चोक बत्तीस. या मापात राहिलं की खरा पत्ता हाती येण्याआधीच कॅशमध्ये शोध सुरू करता येतो आणि आकडा चारेक ठोक्यांत हाती पडतो. माप वाढवायचं तर कप्पे तरी वाढवावे लागतात नाहीतर वेळ तरी. म्हणून वाढ झाली ती पुढच्या पातळीवर: दुसरी कॅश दर कोअरला २५६ किलोबाइटवरून १ मेगाबाइटवर गेली.

मग घड्याळ का नाही वाढलं? ३.२ चं ३.७ एवढंच? आमच्या पिढीने नव्वदच्या दशकात दर दीड-दोन वर्षांनी वेग दुप्पट होताना पाहिलाय, म्हणून हा प्रश्न बोचतो. आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये मांडलं होतं की ट्रान्झिस्टर लहान करत जाल तसा व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवता येईल, आणि तेवढ्याच जागेत तेवढीच उष्णता ठेवून वेग वाढवता येईल. तीसेक वर्षं हे चाललं. मग व्होल्टेज आणखी खाली जाईना, कारण फार उतरवलं तर बंद असलेला ट्रान्झिस्टरही गळायला लागतो. प्रोसेसरची वीज वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग वाढवायला व्होल्टेज वाढवावं लागतं, म्हणजे दुहेरी मार. २००४ मध्ये इंटेलने ४ गीगाहर्ट्झचा पेंटियम ४ जाहीर करून रद्द केला, तो याच भिंतीवर आपटून. त्यानंतर वाढलेले ट्रान्झिस्टर वेगाकडे न जाता कोअरच्या संख्येकडे वळले.

वॉटचा हिशेब लावलात तर सर्व्हर २.४ वर का थांबतो हे आपोआप कळेल. तुमचा आय५ ३५ वॉटचा, २ कोअरचा: दर कोअरला साडेसतरा वॉट, आणि त्यात चित्र दाखवणारा ग्राफिक्सचा भागही आला. एपिक ३६० वॉटचा, ९६ कोअरचा: दर कोअरला पावणेचार वॉट. त्यातूनच मेमरी आणि बाहेरच्या जोडण्या सांभाळणाऱ्या मधल्या तुकड्याचा वाटाही जायचा. पावणेचार वॉटमध्ये तो कोअर तुमच्या साडेसतरा वॉटवाल्यापेक्षा जास्त काम करतो. या दोन प्रोसेसरमधली खरी झेप मला विचाराल तर इथे आहे, गीगाहर्ट्झमध्ये शोधायला गेलात तर सापडणार नाही.

किमतीचंही बघा. आय५-२५२०एमची यादीतली किंमत २२५ डॉलर होती, एपिक ९६५४ ची ११,८०५ डॉलर. ऐकून धसका बसतो, पण कोअरने भागा: ११२.५० आणि १२३. दर कोअरचा भाव अकरा वर्षांत जवळपास तेवढाच राहिला आणि त्यात मिळणारं काम कितीतरी वाढलं.

आता ९६ कोअर. दहाएक वर्षांपूर्वी एका साखर कारखान्यात ऊसबिलांच्या कामासाठी मला बोलावलं होतं. पंधरवड्याची बिलं काढायला जुन्या डेस्कटॉपवर साडेचार तास लागायचे, म्हणून त्यांनी २४ कोअरचा सर्व्हर घेतला. त्यावर पाच तास लागायला लागले. शेतकी विभागातली माणसं चिडलेली आणि हताश होती, आणि त्यांचं चुकत नव्हतं; पैसे मोजून काम मागे गेलं होतं. प्रोग्रॅम एकेका सभासदाचं बिल ओळीने काढत होता: वजन, दर, तोडणी-वाहतूक, सोसायटीची कपात, मग पुढचा सभासद. २४ पैकी एक कोअर धावत होता, आणि त्या सर्व्हरचा एक कोअर डेस्कटॉपच्या एका कोअरपेक्षा थोडा हळू होता. कारखान्याचे ११ गट होते. आम्ही गटवार अकरा प्रती एकाच वेळी चालवल्या आणि शेवटी यादी एकत्र केली. पाच तासांचं काम पाऊण तासावर आलं. त्या पाऊण तासातली वीस मिनिटं शेवटच्या एकत्र यादीची आणि बँकेच्या फाइलची होती. ती काही केल्या हलेनात; अकराच्या जागी बावीस तुकडे केले असते तरी ती वीसच राहिली असती.

ही वीस मिनिटं म्हणजेच जीन अम्डाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला नियम. कामाचा जो भाग वाटून घेता येत नाही, तो कोअर कितीही लावले तरी तेवढाच वेळ खातो. ९६ कोअरवर याचे आकडे बघा, तुम्हाला धक्का बसेल. काम निम्मं वाटता येत असेल तर जास्तीत जास्त १.९८ पट वेग. ९० टक्के वाटता येत असेल तर ९ पट. ९५ टक्के असेल तर १६.७. आणि ९९ टक्के काम वाटलं, फक्त एक टक्का एकट्याने करायचं राहिलं, तरी ४९ पटच. त्या एका टक्क्याने निम्मा सर्व्हर गिळला.

तुमच्या प्रोग्रॅममध्ये तर वाटणी शून्य आहे. साध्या पायथनमध्ये थ्रेड (एकाच प्रोग्रॅमच्या समांतर चालणाऱ्या शाखा) उघडूनही भागत नाही, कारण नेहमीच्या पायथनमध्ये एक सामाईक कुलूप असतं आणि ते ज्याच्या हाती तोच थ्रेड पायथनची सूचना चालवतो, बाकीचे ताटकळतात. ऑक्टोबर २०२४ च्या पायथन ३.१३ मध्ये कुलूप नसलेली आवृत्ती प्रायोगिक म्हणून आली, पण तुमच्या कामाला तिची गरज नाही. स्वतंत्र प्रोसेस (प्रोग्रॅमच्या वेगवेगळ्या चालत्या प्रती) उघडल्या की झालं, त्यांचं प्रत्येकीचं कुलूप वेगळं. आणि तुमचं काम वाटायला फार सोयीचं आहे: एका मंडळाचा हिशेब दुसऱ्या मंडळावर अवलंबून नाही.

पण थांबा, ९६ प्रोसेस सोडल्या आणि ९६ पट वेग आला असंही होणार नाही. इथे मेमरी आडवी येते, आणि या बाबतीत लॅपटॉप-सर्व्हर तुलनेत लोक सर्वांत जास्त फसतात.

पुन्हा कारखान्याकडे येतो. फडात ऊसतोडीच्या टोळ्या दुप्पट केल्या आणि कारखान्याच्या दारात वजनकाटे तेवढेच ठेवले, तर ऊस वेगाने तुटेल आणि गाड्या काट्यापुढे रांगेत उभ्या राहतील. कोअर म्हणजे टोळ्या, मेमरी चॅनेल म्हणजे काटे. तुमच्या लॅपटॉपला डीडीआर३-१३३३ चे दोन चॅनेल आहेत, मिळून सेकंदाला २१.३ गीगाबाइट. एपिकला डीडीआर५-४८०० चे बारा, मिळून ४६०.८. एकूण बघितलं तर २१ पट जास्त. पण कोअरने भागलं की लॅपटॉपच्या वाट्याला दर कोअरमागे १०.६ गीगाबाइट येतात आणि सर्व्हरच्या वाट्याला ४.८. सगळे कोअर एकदम मेमरीवर तुटून पडले तर तुमच्या चौदा-पंधरा वर्षं जुन्या लॅपटॉपचा कोअर जास्त पोटभर जेवतो! शिवाय एकच आकडा मेमरीतून यायला किती वेळ लागतो हे पाहिलं, तर तिथेही सर्व्हर सहसा मागे असतो. त्याच्या आत अंतरं मोठी आहेत. मागणी कोअरच्या तुकड्यातून मधल्या तुकड्यात आणि तिथून मेमरीकडे जाते.

ही उणीव सर्व्हर कॅशने भरून काढतो. एपिकची तिसऱ्या पातळीची कॅश ३८४ मेगाबाइट, तुमच्या आय५ची ३. पण ३८४ हा आकडा वाचून हुरळू नका. हा प्रोसेसर एका चकतीवर बनलेला नाही. आठ-आठ कोअरचे बारा तुकडे आणि मधोमध एक जोडणीचा तुकडा असा तो जुळवलेला आहे, आणि दर तुकड्याकडे ३२ मेगाबाइट कॅश आहे. तुमच्या एकट्या कोअरला त्याच्या तुकड्यातली ३२च आपली म्हणून वापरता येते. शेजारच्या तुकड्यात काही हवं असेल तर मधल्या तुकड्यातून वळसा घालून जावं लागतं. म्हणून एकमेकांशी सतत बोलणाऱ्या प्रोसेस एकाच तुकड्यातल्या आठ कोअरवर बसवणं शहाणपणाचं. लिनक्समध्ये टास्कसेट (taskset) किंवा न्यूमासीटीएल (numactl) या आज्ञांनी हे करता येतं.

आता एक कळकळीची विनंती, कारण हे मी कित्येक ठिकाणी पाहून हळहळलोय. तुमच्या विभागाच्या सर्व्हरमध्ये मेमरीच्या पट्ट्या किती लावल्यात ते जाऊन बघा. बारा चॅनेल म्हणजे किमान बारा पट्ट्या लागतात. खरेदीच्या वेळी कुणीतरी म्हणतं, आत्ता २५६ जीबी पुरे, ६४ च्या चार पट्ट्या घ्या, पुढे वाढवू. गीगाबाइट तेवढेच भरतात, पण बारापैकी आठ काटे बंदच राहतात. दर चॅनेलला ३८.४ याप्रमाणे चार पट्ट्यांवर फक्त १५३.६ गीगाबाइट मिळतात, म्हणजे कोअरमागे १.६. त्याऐवजी १६ जीबीच्या बारा पट्ट्या घेतल्यात तर १९२ जीबी होतील, पण बाराही काटे चालतील. ते चालेल, ते चारच पट्ट्यांपेक्षा केव्हाही चांगलं. डीएमआयडीकोड (dmidecode) ही आज्ञा दिली की कुठली खाच भरलेली आहे ते समजतं. पुढे वाढवू म्हटलेली मेमरी सहसा वाढत नाही, म्हणून हे पहिल्या दिवशीच करून घ्यायला हवं.

गणिताचं काम असेल तर चित्र बरंच बदलतं. सँडी ब्रिजने एव्हीएक्स आणलं, म्हणजे एका सूचनेत चार दुहेरी अचूकतेचे आकडे. एका ठोक्यात एक बेरीज आणि एक गुणाकार धरून ८ क्रिया होतात. झेन ४ गुणाकार-बेरीज एकत्र करणाऱ्या सूचना चालवतो, अशा दोन एकदम, म्हणजे ठोक्याला १६. तळाच्या वेगाने गुणून बघा: लॅपटॉपचे ४० गीगाफ्लॉप्स (सेकंदाला अब्ज क्रिया), सर्व्हरचे सुमारे ३,६८६. ९२ पट, वीज दहापट. हे कागदावरचं शिखर आहे, पण मोठ्या मॅट्रिक्सच्या गुणाकारात त्याच्या बऱ्यापैकी जवळ जाता येतं, कारण एकदा कॅशमध्ये आणलेला आकडा पुन्हापुन्हा वापरता येतो. नमपाय (पायथनचं आकडेमोडीचं पॅकेज) मागची गणिती लायब्ररी चालताना प्रोसेसर ओळखते आणि त्याला साजेसा मार्ग निवडते, म्हणून तुमचा तोच प्रोग्रॅम दोन्हीकडे न बदलता चालतो. हवामानाची प्रारूपं चालवणारी यंत्रं या बळावर उभी असतात. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतला ‘अर्का’ महासंगणक, सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्राला अर्पण झालेला, ११.७७ पेटाफ्लॉप्सचा, तो एपिक ७६४३ वर चालतो. ४८ कोअरचा प्रोसेसर, तळाचा वेग २.३ गीगाहर्ट्झ. तुमच्या लॅपटॉपपेक्षा कमी!

उरलेल्या फरकांपैकी काही पटकन सांगतो. सर्व्हरची मेमरी स्वतःच्या चुका पकडून दुरुस्त करते, लॅपटॉपची करत नाही. आठवडाभर चालणाऱ्या हिशेबात एक बिट उलटला तर लॅपटॉपवर तुम्हाला कळणारही नाही. मेमरीची कमाल मर्यादा तिकडे १६ जीबी, इकडे ६ टीबी. डिस्क आणि कार्डं जोडायच्या मार्गिका तिकडे दुसऱ्या पिढीच्या १६, इकडे पाचव्या पिढीच्या १२८, आणि पाचव्या पिढीची एक मार्गिका दुसऱ्या पिढीच्या आठ मार्गिकांइतकी वाहते. एपिकखाली ६,०९६ टोकं असतात ती या सगळ्या वाहतुकीसाठी आणि वीज पुरवण्यासाठी.

सुरक्षिततेचंही बोलायला हवं. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या सुरक्षा-त्रुटी जाहीर झाल्या. तुमचा आय५ मेल्टडाउनच्या कचाट्यात सापडतो. त्यावरचा उपाय म्हणून ऑपरेटिंग सिस्टिमला स्वतःच्या मेमरीचा नकाशा प्रोग्रॅमपासून वेगळा ठेवावा लागतो आणि ये-जा करताना दरवेळी बदलावा लागतो. फाइली आणि नेटवर्क सतत हाताळणाऱ्या कामात हे जाणवतं. एएमडीच्या झेन घराण्याला मेल्टडाउनची बाधा नाही. स्पेक्टरच्या प्रकारांची आहे आणि त्यांचे उपाय तिथेही करावे लागतात. हे सोडून लॅपटॉपचं वय सॉफ्टवेअरमध्ये दिसायला लागलंय. विंडोज ११ त्याला अधिकृतपणे घेत नाही. रेड हॅट लिनक्स १० ला एव्हीएक्स२ असलेला प्रोसेसर लागतो, आणि सँडी ब्रिजमध्ये फक्त एव्हीएक्स आहे. तयार पॅकेज उतरवून चालवलं आणि ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून बंद पडलं, तर तुमच्या कोडमध्ये चूक शोधत बसू नका. आधी ते पॅकेज एव्हीएक्स२ मागतंय का ते तपासा. डेबियनसारख्या प्रणाली त्यावर अजून छान चालतात.

आता तुमच्या १७ मिनिटांचं काय करायचं. पहिलं, वेळ कुठे जातो ते मोजा. फाइली वाचणं, हिशेब आणि निकाल एकत्र करणं या तीन टप्प्यांपुढे वेळ छापा. समजा वाचायला २ मिनिटं, हिशेबाला १४ आणि एकत्र करायला १ निघालं. हिशेब ९६ प्रोसेसमध्ये उत्तम वाटला गेला तर १४ मिनिटांची नऊ सेकंदं होतील, पण आजूबाजूची ३ मिनिटं तशीच राहतील, म्हणजे एकूण तीन मिनिटं नऊ सेकंदं. मग लक्ष त्या तीन मिनिटांकडे वळवायचं: सीएसव्ही दरवेळी वाचण्याऐवजी एकदाच पार्के (रकानावार साठवणाऱ्या फाइलच्या) स्वरूपात साठवा आणि लागतील तेवढेच रकाने उचला. सर्व्हर येण्याआधी हा बदल केला असता तर लॅपटॉपवरही वेळ कमी झाला असता, आणि तो आजही करावा असा आहे.

प्रोसेस उघडताना दोन खड्डे टाळा. एक, सगळा डेटा प्रत्येक प्रोसेसला देऊ नका. २ जीबीची प्रत ९६ जणींनी घेतली तर १९२ जीबी झाली. फक्त तिच्या मंडळांचा तुकडा द्या. दुसरा, नमपायची लायब्ररी आपणहून थ्रेड उघडते. ९६ प्रोसेसनी प्रत्येकी ६४ थ्रेड उघडले तर ६,१४४ थ्रेड ९६ कोअरवर रेटारेटी करतील आणि काम एका प्रोसेसपेक्षाही हळू होईल. सुरुवातीलाच ओएमपी नम थ्रेड्स (OMP_NUM_THREADS) हे चल १ वर ठेवा. सर्व्हर १९२ प्रोसेसर दाखवेल, त्यालाही भुलू नका. खरे कोअर ९६ आहेत, एक कोअर एका वेळी दोन थ्रेड चालवतो म्हणून दुप्पट दिसतात. तुमचा लॅपटॉपही ४ दाखवतो आणि असतात २. भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर एक व्हीसीपीयू म्हणजे बहुतेक ठिकाणी असा एक थ्रेडच असतो, हेही कधी उपयोगी पडेल.

आणि हे सगळं आधी तुमच्या जुन्या लॅपटॉपवरच करून बघा. एका प्रोसेसवर वेळ घ्या, मग दोन प्रोसेसवर घ्या. ४० ची २१-२२ झाली तर वाटणी नीट झालीये, सर्व्हरवर न्यायला हरकत नाही. ४० ची ३२ झाली तर कुठेतरी काहीतरी अडतंय: एकच फाइल दोघंही वाचतायत, किंवा मोठा डेटा प्रोसेसमध्ये इकडून तिकडे जातोय, किंवा मेमरी पुरत नाहीये. जे दोन कोअरवर अडतं ते ९६ वर सुटत नाही, आणखी चिघळतं. सर्व्हरवर गेल्यावरही थेट ९६ लावू नका. ८, मग २४, मग ४८, मग ९६ अशी पायरी चढा आणि प्रत्येक पायरीची वेळ लिहून ठेवा. ४८ च्या पुढे वेळ कमी व्हायचा थांबला तर काटे भरले असं समजा आणि उरलेले ४८ कोअर विभागातल्या दुसऱ्या कुणाच्या कामाला मोकळे सोडा.

पंखा साफ केल्यानंतरची लॅपटॉपची वेळ, दोन प्रोसेसची वेळ आणि सर्व्हरमधल्या पट्ट्यांची संख्या, एवढे तीन आकडे मला पाठवा. त्यावरून पुढचं सांगतो.